काळोखीचे गिऱ्हाईक

युरिया पडला आणि वर पाऊस झाला की आठवडाभरात पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, गर्द हिरवी काळोखी येते. शेजारी बांधावरून बघून जातो. दोन दिवसांनी तोही गोणी आणतो. पुढे पंधरवड्यात दोघेही त्याच कृषी केंद्रावर तुडतुड्यांचे औषध मागत उभे असतात. या दोन खरेद्यांचा एकमेकींशी काही संबंध आहे, हे तिथे कोणी बोलत नाही. दुकानदाराने तरी का बोलावे?

संबंध पानाच्या रसात आहे. किडीला पानातून साखर हवी तेवढी मिळते. मिळत नाही ते नत्र. पानाच्या कोरड्या वजनात नत्र 2 ते 4 टक्के, किडीच्या अंगात 10 टक्क्यांच्या आसपास. ही तूट भरायला मावा सतत रस ओढतो आणि नको असलेली साखर मागून टाकून देतो. बोटाला लागतो तो चिकटा हाच. त्यावर मग काळी बुरशी चढते. अशा भुकेल्या गिऱ्हाइकापुढे आपण नत्राची गोणी फोडतो. एकदम मिळालेल्या सगळ्या नत्राची प्रथिने झाडाला लगेच बनवता येत नाहीत. उरलेले नत्र सुट्या अमिनो आम्लांच्या रूपात रसात फिरते. किडीला ते आयतेच. पान लुसलुशीत होते, सोंड सहज शिरते. पालाश कमी असेल तर प्रथिने बनायचे काम आणखी रेंगाळते.

कपाशीचे पान एरवी निमूट खाऊ देणारे नाही. उजेडात धरले तर त्यात बारीक काळे ठिपके दिसतात. त्या गॉसिपॉल या विषारी रसायनाच्या ग्रंथी. सरकी खाण्याजोगी व्हावी म्हणून अमेरिकेत या ग्रंथी नसलेली कपाशी तयार केली गेली. तेव्हा कपाशीला एरवी तोंड न लावणाऱ्या किडीही तिच्यावर येऊ लागल्या. पानातले एक रसायन गेले आणि जेवायला येणारे बदलले. युरियाने गॉसिपॉल जात नाही. पण रस शोषणाऱ्या सोंडेला त्या ठिपक्यांचा फारसा अडथळा नसतो. बीटी कपाशीतले विषही बोंडअळीसाठी आहे, तुडतुड्यांसाठी नाही.

शेतकऱ्याला शहाणपण शिकवण्यात अर्थ नाही. नत्र कमी पडले की पाने लाल पडतात, लाल्या येतो, हे त्याने पाहिलेले असते. तुडतुड्यांनीही पानाच्या कडा मुरडतात आणि लाल पडतात. मग लाल्या समजून आणखी युरिया पडतो. तो पडणारच. 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते, पालाशची तिच्या कैकपट महाग. 2010 मध्ये अन्नद्रव्यांवर आधारित अनुदान आले, तेव्हा युरिया त्यातून बाहेर ठेवला गेला. 2018 मध्ये 50 किलोची गोणी 45 किलोची झाली. शेतकरी किलो नाही, गोण्या मोजतो, हे दिल्लीला ठाऊक होते. किलोमागचा भाव मात्र तोच राहिला. 2015 पासून युरियाला निंबोळी तेल लावलेले असते. त्याने कीड दूर राहील असा कोणाचा समज असेल तर तो सोडावा. ते नत्र सावकाश सुटावे म्हणून आहे.

2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या वर्षी पऱ्हाटी नेहमीपेक्षा उंच आणि दाट होती. नंतर चर्चा झाली ती औषधांची, पंपांची, मास्क आणि हातमोज्यांची. ती व्हायलाच हवी होती. एवढी फवारणी करावी का लागली, हा प्रश्न मागे राहिला.

पानामागे 2 ते 3 तुडतुडे दिसले की फवारा, हे गावोगाव पाठ आहे. ‘नत्राचा अतिवापर टाळावा’ अशी ओळही शिफारशीत असते, बहुधा तळाशी. औषधाच्या नावापर्यंत वाचून होते आणि कागदाची घडी पडते.

कोणी किती गोण्या उचलल्या, हे आता अंगठ्यासकट पॉस मशीनवर नोंदले जाते. कपाशीवरच्या किडींची मोजणी कृषी खाते क्रॉपसॅप या कीड-सर्वेक्षण प्रकल्पातून करते. दोन्ही आकडे सरकारचे, दोन्ही तालुक्यागणिक काढता येण्याजोगे. ते एका कागदावर शेजारी-शेजारी मांडायला कोणाची परवानगी लागते?