लोखंडाचा सराफ

बँकेच्या मराठीत ‘नजरगहाण’ असा एक मोठा बोलका शब्द आहे. तारण म्हटलं की वस्तू बँकेच्या कपाटात येऊन पडते. नजरगहाणात ती कर्जदाराकडेच राहते, बँकेने तिच्यावर फक्त नजर ठेवायची. ट्रक असा नजरगहाण असतो. तो कांदा भरून नाशिकहून कोलकात्याला जातो, परतीचा माल मिळेपर्यंत तिथे चार दिवस पडून राहतो, आणि शाखेतला अधिकारी इकडे पंख्याखाली बसून त्याच्यावर ‘नजर’ ठेवून असतो. मीही ही नजर बरीच वर्षं ठेवली. त्या काळात मला कर्जव्यवहार जेवढा समजला, त्याहून जास्त जुन्या गिअर बॉक्सचा व्यवहार समजला. तो ज्यांच्याकडून समजला, त्या माणसांना आपल्या कायद्याने, बँकांनी आणि आपण पांढरपेशांनी ‘भंगारवाले’ या एका शब्दात गुंडाळून ठेवलं आहे. आज त्यांच्याविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत.

१९६९ साली चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि पुढे लहान वाहतूकदारांची गणना अग्रक्रम क्षेत्रात होऊ लागली. त्यामुळे दुसऱ्याच्या गाडीवर क्लीनर म्हणून उमेदवारी केलेला आणि मग स्टिअरिंगवर बसलेला माणूस स्वतःच्या ट्रकचा मालक होऊ शकला. या एका ट्रकच्या मालकाचं घर म्हणजे ती गाडीच. मागच्या फळीवर मुलांची नावं रंगवलेली, दसऱ्याला देवाच्या आधी तिला हार. गाडी चालती आहे तोवर सगळं सुरळीत असतं. हप्त्याची तारीख मात्र गाडी चालती आहे की उभी, याची चौकशी करत नाही.

आणि गाडी उभी राहतेच. इंजिन बिघडलं तर निदान आधी धूर दिसतो, गाडी तेल पिऊ लागते, काहीतरी इशारा मिळतो. गिअर बॉक्सही कुरकुर करतो, पण मालक ती कानाआड करतो आणि मग एखाद्या घाटात, भरल्या मालासकट, तो हात टेकतो. ज्यांनी हे प्रकरण कधी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो की इंजिन ठरावीक वेगाच्या एका पट्ट्यातच नीट काम करतं. चढणीला जोर हवा असतो, सपाटीला वेग. ही देवाणघेवाण एका ओतीव पेटीतली दातेरी चाकं करतात आणि ती तेलात बुडून फिरत असतात. त्यातल्या एका चाकाचा एक दात तुटला की तुकडा बाकीच्या दातांमध्ये जातो, आणि मग पेटीत जे काही उरतं ते पाहवत नाही. नवा गिअर बॉक्स घ्यायचा तर त्या मालकाच्या कित्येक महिन्यांच्या कमाईवर पाणी सोडावं लागतं. जुना, चालत्या गाडीतून उतरवलेला बॉक्स निम्म्यात, कधी त्याहूनही कमी किमतीत मिळतो. मिस्त्री सांगतो, “जुना टाका, मालक.” आणि मालक पैशासाठी बँकेत येतो.

सातारा जिल्ह्यातल्या एका शाखेत असताना अशी एक बाई नवऱ्याबरोबर आली होती. गाडी अकरा दिवस उभी होती. जुन्या गिअर बॉक्ससाठी कर्ज देण्याची सोय आमच्या कुठल्याच योजनेत नव्हती. नव्याचं कोटेशन आणलं असतं तर विचार झाला असता. जुन्याचं कोटेशन देतो कोण? तिने पिशवीतून पाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. “साहेब, ह्या सोडवायच्या कशा ते मागनं बघू. आदी गाडी हलू द्या.” अर्ध्या तासात सोनेतारण मंजूर झालं. पॅनेलवरचे सराफ आले, कसोटीच्या दगडावर रेघ ओढली, तराजूत वजन केलं, चिठ्ठी लिहिली. पाटल्या कुठून आल्या, पावती आहे का, हे कोणी विचारलं नाही. आपल्या मालकीच्या असल्याचं निवेदन सहीनिशी घेतलं, काम झालं.

पाटल्याही जुन्याच होत्या, हे इथे लक्षात घ्यायला हवं. बँकेला जुन्या वस्तूचं वावडं कधीच नव्हतं. सोन्याला पारखी होता आणि बँकेचा त्याच्या चिठ्ठीवर विश्वास होता. लोखंडाला पारखी नाही, अशी आपली समजूत. ती साफ खोटी आहे.

कुर्ल्याचा सीएसटी रोड, कळंबोली, दिल्लीचं मायापुरी, कोलकात्याचा मल्लिक बाजार, चेन्नईचं पुदुपेट ही जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांची ठिकाणं. नाकाला रुमाल लावून टॅक्सीतून पाहिलं तर काळ्या तेलाने माखलेले ढीग दिसतात. खाली उतरून एखाद्या दुकानात तासभर बसलं तर वेगळं काही दिसतं. कळंबोलीच्या एका व्यापाऱ्याकडे मी असा पुष्कळदा बसलो आहे. गिऱ्हाईक गिअर बॉक्स विकायला आलं की याचा पहिला प्रश्न किमतीचा नसे. “गाडी कुठं चालायची?” असं तो विचारी. मला हा शिष्टाचार वाटायचा. मग त्यानेच उलगडा केला. जुन्या पद्धतीच्या गिअर बॉक्समध्ये टॉप गिअर थेट असतो. गाडी टॉपमध्ये धावते तेव्हा पुढचा शाफ्ट आणि मेन शाफ्ट एकमेकांत अडकून सरळ फिरतात आणि दात्यांवर भार जवळजवळ पडतच नाही. त्यामुळे पुणे–बंगळूर महामार्गावर पाच लाख किलोमीटर धावलेल्या गाडीचे दाते शाबूत असू शकतात आणि खाणीत पन्नास हजार किलोमीटर फिरलेल्या टिपरचा पहिला आणि रिव्हर्स गिअर पार झिजलेला असतो. आम्ही बँकेत गाडीचं वय विचारत होतो, तो तिचा स्वभाव विचारत होता.

२०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली गोव्यातल्या खाणी बंद झाल्या, तेव्हा किती तरी टिपर मालकांच्या दारात पावसात उभे राहिले. त्या गाड्यांचे भाग पाहताना तो आधी झाकण काढून वरची बाजू पाही. उभ्या गाडीत तेलात बुडालेला अर्धा भाग चांगला राहतो. तेलाच्या वर राहिलेल्या दात्यांना आणि बेअरिंगना कोकणची दमट हवा खाते. खालून तेल काढण्याच्या बुचाला लोहचुंबक असेल तर त्याला काय चिकटलं आहे, हे तो बोटावर घेऊन पाही. बारीक लगदा असेल तर ती रोजची झीज. चकचकीत कपची असेल तर आत काही तुटलं आहे. दात्याच्या टोकाला टवके असतील तर ड्रायव्हर घिसाडघाईचा. शाफ्टवर निळसर झाक असेल तर तेल संपल्यावरही गाडी हाकलेली. दात्याची वरची कातडी उष्णता देऊन कडक केलेली असते, आतला गाभा त्या मानाने मऊ असतो. ती कातडी, जी जेमतेम मिलिमीटरभर जाड असते, झिजून गेली की पुढची झीज झपाट्याने होते. हे त्याला बोटाच्या नखाने समजे. क्राऊन-पिनियन तर तो जोडीशिवाय विकत नसे. मागच्या डिफरन्शिअलमधली ही दोन चाकं कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेली असतात आणि दोघांवर एकच क्रमांक कोरलेला असतो. एकाची दुसऱ्याशी जोडी लावली तर गाडी रडत चालते. “लग्न लावल्यालं असतंय, साहेब. फारकत चालत नाही.”

ही पारख नव्हे तर काय? आमच्या सराफांनी कसोटीच्या दगडावर याहून वेगळं काय केलं होतं?

ट्रकसारखीच गत गॅरेजच्या अवजारांची. जुना मिस्त्री थकतो, मुलगा मोटारीच्या शोरूममध्ये नोकरीला लागतो आणि लेथ, हायड्रॉलिक प्रेस, चेन कप्पी, बेअरिंग ओढायचे पुलर, पान्ह्यांचा संच विकायला निघतो. कर्ज थकलं असेल तर तेच सामान बँकेच्या लिलावात येतं. जाहिरातीत ‘जसे आहे, जेथे आहे’ आणि त्यापुढे ‘जुनी यंत्रसामग्री, एक लॉट’. एका माणसाचं तीस वर्षांचं भांडवल या चार शब्दांत बसवायची कला आमच्या खात्याकडे होती! कागदावर त्या सामानाला किंमत नसतेच. हल्लीच्या आयकराच्या दराने यंत्रावर दर वर्षी १५ टक्के घसारा धरतात. म्हणजे एक लाखाचा लेथ वीस वर्षांनी वहीत चार हजारांच्याही आत येतो. भाड्याने चालणाऱ्या ट्रकला ३० टक्के, म्हणजे आठ वर्षांत शंभराचे सहासुद्धा उरत नाहीत. आणि इकडे हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करचा लेथ, कारखाना बंद पडून कितीतरी वर्षं झाली तरी, कोल्हापूरच्या उद्यमनगरात कोणी विकायला काढला तर चांगल्या पैशाला जातो. घेणारा तो चालवून पाहतोच, शिवाय बेडवरून सरकणारा भाग चकजवळ कसतो आणि दुसऱ्या टोकाला नेतो. बेड बहुधा चकपाशी झिजतो. तिथे मोकळा फिरणारा भाग टोकाला जाऊन अडकला की झीज किती ते कळतं. ही परीक्षा मी पाहिलेल्या एकाही मूल्यांकन अहवालात नव्हती.

आता दुसरी बाजू. हा बाजार सगळा धुतल्या तांदळाचा नाही, हे मला ठाऊक आहे. चोरीच्या गाड्या रातोरात सुट्या होतात. तसं होऊ शकतं याचं कारण साधं आहे. गाडीच्या नोंदणी पुस्तकात चासी क्रमांक असतो, इंजिन क्रमांक असतो. गिअर बॉक्सचा नसतो. कारखान्याने त्यावर क्रमांक टाकलेला असतो, पण तो कुणाच्या दप्तरी लागत नाही. गिअर बॉक्सला सातबाराच नाही म्हणा ना! त्यामुळे प्रामाणिक व्यापाऱ्यालाही आपला माल स्वच्छ असल्याचं सिद्ध करता येत नाही, आणि पोलिसांना हवा तेव्हा तो चोरीचा ठरवता येतो. कागद नसला की काय घडू शकतं याचं टोकाचं उदाहरण २०१० चं. दिल्ली विद्यापीठातलं एक जुनं किरणोत्सारी उपकरण लिलावात भंगार म्हणून विकलं गेलं आणि मायापुरीत फोडलं गेलं. आत कोबाल्ट-६० होतं. काही कामगार आजारी पडले, एकाचा जीव गेला. तिथे फोडणारे अडाणी ठरले. आपण काय विकतो आहोत हे विकणाऱ्या सुशिक्षितांना माहीत नव्हतं, त्याची चर्चा त्या मानाने कमी झाली.

सुरक्षेचा मुद्दाही रास्त आहे. जुने ब्रेकचे आणि स्टिअरिंगचे भाग विकायला माझा विरोध आहे, मग ते कितीही स्वस्त असोत. गिअर बॉक्सचंही, उतारावर गिअर निसटला तर इंजिनाचा लगाम सुटतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. म्हणूनच नखाने पारखणारा माणूस महत्त्वाचा, आणि त्याने लेखी जबाबदारी घेणं त्याहून महत्त्वाचं. आज जबाबदारी तोंडी असते. व्यापारी मालावर रंगाची खूण करतो, कारण गिऱ्हाईक आपलाच फुटका भाग परत आणून देईल अशी त्याला धास्ती. बसवून पाहा, आवाज आला तर परत आणा, पण खोललेला चालणार नाही, असा करार. बहुतेक वेळा तो पाळलाही जातो. पण नाही पाळला तर एका ट्रकच्या मालकाकडे दाद मागायला कागदाचा चिटोरा नसतो.

अशात सरकारने जुन्या गाड्या मोडीत काढण्याचं धोरण आणलं. सप्टेंबर २०२१ मध्ये नोंदणीकृत मोडणी केंद्रांचे नियम आले. एप्रिल २०२२ पासून मोडीचं प्रमाणपत्र दाखवून नवी व्यावसायिक गाडी घेणाऱ्याला मोटार वाहन करात १५ टक्क्यांपर्यंत सूट देण्याची तरतूद झाली. त्याच तारखेपासून पंधरा वर्षांवरच्या अवजड मालगाडीचं योग्यता-प्रमाणपत्राचं शुल्क १२,५०० रुपये झालं. धूर ओकणाऱ्या गाड्या रस्त्यावरून जाव्यात, हे मलाही हवं आहे. पण मोडीची किंमत नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या चार ते सहा टक्के धरली गेली. आमच्या घसाऱ्याच्या कोष्टकातून उतरल्यासारखा आकडा! तो लोखंडाच्या वजनाचा भाव आहे. त्या गाडीत महामार्गावर धावलेला शाबूत गिअर बॉक्स असेल तर तो भट्टीत जाऊ नये. आणि गेला नाही, तर तो कुठल्या गाडीतला हे लिहूनच बाहेर पडावा.

हे अशक्य नाही. जुन्या मालाच्या व्यापाऱ्याला पूर्ण विक्री किमतीऐवजी फक्त आपल्या नफ्यावर जीएसटी भरण्याची मुभा नियम ३२(५) मध्ये आहे. सुट्या भागांवरचा दरही सप्टेंबर २०२५ मध्ये २८ वरून १८ टक्के झाला. म्हणजे बिल न देण्याची जुनी सबब आता लंगडी पडली आहे. बिलावर मूळ गाडीचा क्रमांक आणि गिअर बॉक्सवरचा क्रमांक लिहायचा, मोडणी केंद्राने तोच आपल्या दाखल्यात लिहायचा, आणि ‘बसवल्यापासून इतके दिवस’ अशी हमी छापायची. चांगले व्यापारी हे आनंदाने करतील, कारण चोरट्या मालाने त्यांचाच भाव पाडला आहे.

उरल्या बँका. १९७९ साली सुरू झालेल्या श्रीराम ट्रान्सपोर्ट फायनान्सने जुन्या ट्रकवर कर्ज देऊन केवढा धंदा उभा केला, हे सर्वांनी पाहिलं आहे. त्याआधी जुना ट्रकही आमच्यासारख्यांना अस्पृश्यच होता. जुन्या गिअर बॉक्ससाठी त्याच गाडीच्या चालू कर्जाला जोडून छोटं दुरुस्ती कर्ज देता येईल. गाडी नजरगहाण आहेच, आणि ती उभी राहिली तर बुडणार आहे ते बँकेचंच कर्ज. प्रत्येक जिल्ह्यात दोन-तीन नावाजलेले मिस्त्री किंवा व्यापारी पॅनेलवर घ्यावेत, माल विकणारा आणि पारखणारा एकच नसावा एवढं पाहावं. त्यांच्या चिठ्ठीची फी कोणी द्यायची, हा प्रश्न मुख्य कचेरीतून येईलच. सोनेतारणात सराफाची फी कर्जदारच देतो, ठरावीक दराने, आणि त्याबद्दल माझ्या टेबलाशी कधी कोणी कुरकुर केल्याचं मला आठवत नाही.