मानदुखी : मान 'कडकन' वाजवून घ्यावी का?

"डॉक्टर, मान कडकन वाजवून मोकळी करतात ती ट्रीटमेंट चांगली, की हळूहळू दाबतात ती?" मानदुखीचे रुग्ण हा प्रश्न हमखास विचारतात. आधीच दोन ठिकाणी सिटिंगचे पैसे भरून झालेले असतात, म्हणून उत्तर स्पष्टच देतो.

हा लेख साध्या, म्हणजे 'मेकॅनिकल' मानदुखीबद्दल आहे. तासन् तास मोबाइलमध्ये मान घालून बसणे, उशी बदलणे, अवघडून झोपणे यांमुळे मानेचे स्नायू आणि मणक्यांमधले छोटे सांधे आखडतात. मान वळवली की दुखते, विश्रांतीने बरे वाटते. एक्स-रेमध्ये 'मणक्यांत गॅप' किंवा 'झीज' लिहून आले म्हणून घाबरू नका. चाळिशीनंतर मान न दुखणाऱ्यांच्या एक्स-रेतही ती अनेकदा दिसते.

अशा मानेवर फिजिओथेरपिस्ट हाताने जे उपचार करतात, त्यांचे ढोबळ तीन प्रकार आहेत.

मॅनिप्युलेशन : सांध्याला एक झटपट, छोटा झटका. बहुतेक वेळा 'कट्' आवाज येतो.

मोबिलायझेशन : सांधा हळूहळू, तालात हलवणे. ऑस्ट्रेलियाचे मेटलंड आणि न्यूझीलंडचे मलिगन यांच्या पद्धती यातल्याच. मलिगन पद्धतीत थेरपिस्ट मणक्याला आधार देतो आणि मान तुम्ही स्वतः वळवता.

मसल एनर्जी टेक्निक : थेरपिस्टच्या हाताविरुद्ध तुम्ही हलका जोर लावायचा, मग सैल सोडायचे आणि आखडलेला स्नायू थोडा ताणायचा.

यांत श्रेष्ठ कोण? सिडनीत नव्याने मान दुखू लागलेल्या 182 रुग्णांवर झटक्याची आणि हळुवार पद्धत ताडून पाहिली गेली. अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. बरे व्हायला लागणारा काळ दोन्हींत जवळजवळ सारखाच निघाला.

आता धोक्याचे बघा. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या दोन रक्तवाहिन्या असतात. मानेला जोराचा झटका दिल्यावर त्यांचे आतले अस्तर फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. असे क्वचितच होते, पण झाले तर नुकसान मोठे. फायदा सारखाच असेल, तर धोका कशाला पत्करायचा? म्हणून माझे मत हळुवार पद्धतीच्या बाजूने आहे. सलूनमध्ये दाढीनंतर मान मोडून घेणे तर आजच बंद करा. तो आवाज सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार झाल्याचा असतो. सरकलेला मणका जागेवर बसला, असा त्याचा अर्थ नाही.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात 272 रुग्णांचे तीन गट केले : मॅनिप्युलेशन, औषधे आणि घरचा व्यायाम. व्यायामाच्या गटाला फक्त दोनदा, एकेक तास शिकवले होते. 12 आठवड्यांनी हा गट औषधांच्या गटापेक्षा पुढे होता आणि मॅनिप्युलेशनच्या जवळपास बरोबरीने!

म्हणजे थेरपिस्टच्या हाताची मदत जरूर घ्या. वेदना कमी होते आणि मान हलवायचा धीर येतो. पण तेवढ्यावर थांबू नका. पहिल्याच दिवशी विचारा, "घरी मी काय करायचे?" उत्तर मिळाले नाही, तर पॅकेज भरू नका. सुरुवातीला एवढे करून पाहा : ताठ बसून हनुवटी सरळ मागे घ्या, पाच सेकंद धरा, सोडा. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. दुखणे वाढले तर थांबा.

मात्र पुढीलपैकी काही असेल तर मानेला हात लावू देण्याआधी डॉक्टरांना दाखवा : हातात मुंग्या किंवा अशक्तपणा, चालताना तोल जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे, ताप, विनाकारण वजन घटणे, अपघात किंवा पडल्यानंतरची मानदुखी. मानदुखीबरोबर अचानक तीव्र डोकेदुखी, चक्कर, दोन-दोन दिसणे किंवा बोलणे अडखळणे असेल, तर थेट हॉस्पिटल गाठा.

थेरपिस्टचा हात आठवड्यातून दोन-तीनदाच मानेला लागतो. उरलेला सगळा वेळ मान तुमच्याच ताब्यात असते. तिची काळजीही तुम्हालाच घ्यायची आहे.