सरासरीचा आंकडा आणि शेतांतील कोरडा कोपरा

ठिबक सिंचनाबरोबर जमिनींतील ओल मोजणारे विद्युत्-संवेदक आतां आपल्या शेतांतही येऊं लागले आहेत. शेतांत चार संवेदक पुरावयाचे, त्यांचे विद्युद्दाब एकत्र करावयाचे आणि येणाऱ्या एकाच आंकड्यावरून पंप चालू-बंद करावयाचा, ही मांडणी सुटसुटीत व स्वस्त आहे. तिची उपयुक्तता आम्हांस मान्य आहे. परंतु तिच्यावर डोळे मिटून विसंबणें पिकास घातक ठरेल, असें आमचें स्पष्ट मत आहे.

हें एकत्रीकरण ऑपरेशनल अँप्लिफायर नांवाच्या वर्धकाच्या साह्यानें होतें. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेच्या कार्ल स्वार्ट्झेल यांनीं बेरीज करणाऱ्या अशा वर्धकाच्या पेटंटसाठीं १९४१ सालीं अर्ज केला; त्या काळीं तो निर्वात नळ्यांचा होता. आज एलएम३२४ या बोटाच्या पेराएवढ्या चिपमध्यें असे चार वर्धक मिळतात. प्रत्येक संवेदकाची तार सारख्या मूल्याच्या, उदाहरणार्थ १०० किलोओहमच्या, स्वतंत्र रोधकांतून एका बिंदूस जोडली, कीं त्या बिंदूवर चारही दाबांची सरासरी येते. वर्धक त्या बिंदूवर भार न पडूं देतां ती सरासरी पुढील यंत्रास पोंचवितो. एखाद्या संवेदकाचा रोधक निम्म्या मूल्याचा घेतल्यास सरासरींत त्याचें वजन इतरांच्या दुप्पट होतें.

आतां हिशेब पाहूं. जमीन वाळेल तसा ज्यांचा दाब वाढतो, असे चार संवेदक घ्यावे आणि सरासरी २ व्होल्ट झाली म्हणजे पंप सुरू व्हावा असें ठरवावें. तीन ठिकाणीं पुरेशी ओल असून दाब १.५ व्होल्ट आहे. चौथा मुरमाड कोपरा वाळून तेथील दाब २.७ झाला आहे. सरासरी १.८, म्हणून पंप स्तब्ध. दुसऱ्या वेळीं सारेंच शेत वाळलें आहे. तीन संवेदक २.४ दाखवितात, परंतु चौथ्याच्या सांध्यांत पाणी शिरून त्याची तार ऋण तारेस टेकली व दाब शून्य झाला. सरासरी पुन्हां १.८. आणि चारही संवेदक खरोखरच १.८ दाखवीत असले तरी आंकडा तोच! एकदां बेरीज झाली कीं मूळचे आंकडे तींतून परत निघत नाहींत. हा वर्धकाचा दोष नव्हे, बेरजेचा स्वभाव आहे.

कोणी म्हणतील, सरासरीनें मोजणींतील किरकोळ चढउतार पुसले जातात. तें खरें आहे. एकाच पोताच्या व एकाच झडपेवर भिजणाऱ्या तुकड्यांत ती अवश्य घ्यावी. परंतु एकाच गटांत खालीं काळी भारी जमीन आणि वर मुरमाड उतार, हें आपल्याकडे नित्य आढळतें. अशा दोन मातींची सरासरी काढली, तर ती दोहोंपैकीं कोणत्याच मातीस लागू पडत नाहीं.

यास्तव अशी पेटी घेणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्यानें तीन गोष्टींचा आग्रह धरावा, अशी आमची सूचना आहे. पहिली, प्रत्येक झडपेच्या तुकड्याची सरासरी निराळी असावी. दुसरी, एकत्र होण्यापूर्वींचा प्रत्येक संवेदकाचा दाब मोजतां यावा म्हणून पेटीवर स्वतंत्र टोकें असावीं. म्हणजे आठवड्यांतून एकदां साध्या मल्टिमीटरनें नादुरुस्त संवेदक ओळखतां येईल. तिसरी, रोधकांच्या मूल्यांसह जोडणीचा नकाशा विक्रेत्यानें द्यावा. कोणत्या जागेस किती वजन द्यावयाचें, हें ती जमीन कसणाऱ्यानेंच ठरविलें पाहिजे.

एकट्याची मागणी विक्रेता कदाचित् मनावर घेणार नाहीं; गांवांतील दहा जणांनीं मिळून केली तर ती टाळणें त्यास अवघड जाईल. पाण्याची पाळी चुकली तर नुकसान पेटी विकणाऱ्याचें होत नाहीं, पीक उभें करणाऱ्याचें होतें, हें आमच्या वाचकांनीं खरेदीपूर्वींच ध्यानांत घ्यावें.