गॅस गिझरला मोबाइलचा चार्जर जोडू नका : महाळुंगेकरांना तातडीचं आवाहन

महाळुंगेतल्या सर्व रहिवाशांना, त्यातही भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना, हे आवाहन आहे. (महाळुंगे म्हणजे चाकणजवळचं नव्हे; बालेवाडीच्या क्रीडासंकुलाला लागून असलेलं, २०२१ साली पुणे महापालिकेत गेलेलं आपलं मुळशीतलं.) घरात गॅस गिझर असेल तर त्याच्या खालचा सेलचा डबा आजच उघडून बघा. आत नुसते दोन मोठे सेल असतील तर काळजी नाही. डब्यातून वायरी बाहेर आल्या असतील आणि त्या भिंतीवरच्या प्लगपर्यंत जात असतील, तर आधी कोरड्या हाताने प्लगचं बटण बंद करा, गिझरकडे जाणारा गॅस बंद करा आणि मग पुढचं वाचा.

थंडी पडायला लागली की हा उद्योग वाढतो. सेलची जोडी उतरते ती हटकून अंगाला साबण लावलेला असताना. दोन-तीनदा तसं झालं की घरातलं कोणीतरी व्हिडिओ बघतं, ड्रॉवरमधला जुना चार्जर काढतं आणि ‘कायमचा बंदोबस्त’ करून टाकतं. अलीकडेच एका बाथरूममध्ये पाहिलेला बंदोबस्त सांगतो. सेलच्या जागी जुन्या लाटण्याचे दोन तुकडे, बरोबर सेलच्या मापाचे. टोकांना स्क्रू, स्क्रूंना गुंडाळलेली तार. तारेला मध्ये जोड, आणि जोडावर जखमेला लावायची चिकटपट्टी. चार्जर आरशाशेजारच्या प्लगमध्ये, म्हणजे शॉवरखाली उभं राहून हात लांब केला तर पोचेल इतक्या अंतरावर. सुतारकाम सुबक होतं, एवढं मात्र म्हणायला हवं.

सेलवरची वस्तू घरातल्या विजेवर चालवण्यात मुळात गैर काही नाही. ट्रान्झिस्टरला एलिमिनेटर लावून आपल्या घरांनी वर्षानुवर्षं बातम्या ऐकल्या. पण ट्रान्झिस्टर कोरड्या फळीवर असायचा. गिझर पत्र्याचा असतो, त्यातून पाणी वाहतं, त्यात गॅस जळतो आणि त्याच्याखाली ओलं माणूस उभं असतं.

गिझरच्या आत काय चालतं ते एकदा समजून घ्या. नळ सोडला की पाण्याच्या दाबाने एक स्विच दबतो. सेलच्या तीन व्होल्टवर कंट्रोल बॉक्स ठिणगी पाडतो आणि गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो. ज्योत पेटलेली आहे ना, याची खबर एक बारीक सळई बॉक्सला देत राहते. ज्योत विझली की बॉक्स व्हॉल्व्ह सोडून देतो आणि गॅस थांबतो. मोबाइलचा चार्जर देतो पाच व्होल्ट. तीनच्या जागी पाच घातले की व्हॉल्व्हची कॉइल तापते, बॉक्स जळू शकतो. गॅस वेळेवर बंद करण्याची जबाबदारी ज्या बॉक्सवर, त्यालाच आपण आजारी पाडतो.

याहून वाईट धोका विजेचा. ठिणगीचा परतीचा रस्ता गिझरच्या पत्र्यातूनच जातो, म्हणजे सेलची एक बाजू सहसा त्या पत्र्याला जोडलेली असते. चांगल्या अडॅप्टरमध्ये २३० व्होल्टची बाजू आणि तीन व्होल्टची बाजू ट्रान्सफॉर्मरने पूर्ण वेगळ्या ठेवलेल्या असतात. रस्त्यावरच्या स्वस्त चार्जरमध्ये ही फारकत नावापुरती असते. वाफेने, ओलीने ती तुटली की २३० व्होल्ट थेट गिझरच्या अंगावर, तिथून पाइपावर, तिथून शॉवरवर. काही व्हिडिओंत तर ट्रान्सफॉर्मर वगळून नुसत्या कपॅसिटरवर व्होल्टेज उतरवायला शिकवतात. त्यात फारकत नसतेच. बाथरूममध्ये असं सर्किट लावणं म्हणजे उघडी वायर नळाला बांधणं.

सेल आत तसेच ठेवून वरून अडॅप्टर जोडणारेही भेटतात. साधे सेल चार्ज करायचे नसतात. ते तापतात, गळतात, फुटतातही.

आणि बऱ्याचदा दोष सेलचा नसतोच. आपल्याकडच्या कितीतरी इमारती टँकरच्या आणि बोअरच्या पाण्यावर आहेत. या जड पाण्याने गिझरच्या जाळीत क्षार साचतात, धार बारीक होते, स्विच दबत नाही आणि ठिणगी पडत नाही. मग चार्जर जोडूनही गिझर पेटत नाही. तेव्हा आधी जाळी साफ करून घ्या. सेल बदलताना दोन्ही एकदम, एकाच कंपनीचे घ्या. चार्ज होणारे सेल घालू नका. ते प्रत्येकी १.२ व्होल्टचे असतात, त्यामुळे ठिणगी दुबळी पडते.

तरीही विजेवरच चालवायचा असेल, तर गिझरच्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा की त्या मॉडेलला अडॅप्टर चालतो का. नाही म्हणाले, तर विषय संपला. हो म्हणाले, तर त्यांनी सांगितलेलाच तीन व्होल्टचा अडॅप्टर घ्या आणि त्यांच्याच माणसाकडून बसवा. अडॅप्टरवर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असेल, तर तो बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. प्लग बाथरूमच्या बाहेर हवा. आत येईल ती फक्त तीन व्होल्टची वायर. घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच वीज तोडणारा स्विच) आहे का ते बघा आणि त्याचं टेस्टचं बटण दाबा. दाबल्यावर तो पडला नाही, तर बदलून घेईपर्यंत अडॅप्टरचं नाव काढू नका. शिवाय वीज गेली की असा गिझरही बंद, म्हणजे सेल घरात ठेवायचेच आहेत.

सेलवरच्या बाकी वस्तूंचं थोडक्यात. भिंतीवरच्या घड्याळाला एक पेन्सिल सेल वर्षभर पुरतो, तिथे वायर कशाला? रक्तदाबाच्या यंत्राला अडॅप्टरची खाच असेल तर कंपनीचाच अडॅप्टर वापरा. मुलांच्या खेळण्याला प्लगची वायर जोडूच नका.

घरमालकांनो, आधीच्या भाडेकरूने करून ठेवलेला जुगाड नव्या भाडेकरूच्या गळ्यात बांधू नका. चावी देण्याआधी गिझर उघडून पाहा. सोसायटीच्या कमिट्यांनो, हे आवाहन लिफ्टमध्ये लावा. आणि प्लंबर, इलेक्ट्रिशियन मित्रांनो, गिऱ्हाईक कितीही मागे लागलं तरी हे काम घेऊ नका. शंभर-दोनशे रुपयांसाठी कोणाचा तरी जीव आपल्या नावावर लागेल.

कोणाला शॉक बसलाच तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच पाडा, मग १०८ ला फोन करा. गॅसचा वास आला तर दिव्याचं एकही बटण चालू-बंद न करता खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि १९०६ ला कळवा. आगीसाठी १०१, महावितरणसाठी १९१२. हे चार नंबर कागदावर लिहून बाथरूमच्या दाराबाहेर चिकटवा.