विमान कंपनी विकली, हिशेब उरला

एअर इंडिया २७ जानेवारी २०२२ रोजी टाटा उद्योगसमूहाच्या हाती परत गेली, तेव्हा त्या घटनेकडे बहुतेकांनी भावनेच्या दृष्टीनेच पाहिले. जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून मुंबईपर्यंत स्वतः विमान चालवीत आणले आणि ज्या सेवेचा पाया घातला, ती मूळ घरी परतली याचा काहींना आनंद झाला. राष्ट्राची मालमत्ता गेली याचे काहींना दुःख झाले. परंतु पारशिवनीसारख्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्या, जन्मात विमानात पाऊल न ठेवलेल्या नागरिकाचा या व्यवहाराशी संबंध काय, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. वस्तुतः तोच मुख्य प्रश्न आहे.

हा संबंध पैशाचा आहे. ऑगस्ट २०२१ अखेर कंपनीवर ६१,५६२ कोटी रुपयांचे कर्ज होते. टाटांनी देऊ केलेल्या १८,००० कोटींपैकी १५,३०० कोटी म्हणजे त्यांनी अंगावर घेतलेले कर्ज. रोख रक्कम केवळ २,७०० कोटी. उरलेले सुमारे ४६,२६२ कोटींचे कर्ज सरकारने आपल्याच एका वेगळ्या कंपनीकडे वळविले. म्हणजे विमाने गेली आणि कर्जाचा मोठा भाग जनतेकडे राहिला. हे कर्ज फेडणाऱ्या तिजोरीत शिक्षकाच्या पगारातून कापलेला आयकर आहे, तसाच शेतमजुराने साबण आणि काडेपेटीवर भरलेला करही आहे.

सरकारी मालकी म्हणजे तोटा, असा सोपा निष्कर्ष यातून काढला जातो. तो इतिहासाला धरून नाही. १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले, तरी जे. आर. डी. १९७८ पर्यंत अध्यक्ष राहिले. याच काळात, १९६० मध्ये, बोइंग ७०७ आले आणि १९६२ पर्यंत संपूर्ण ताफा जेट विमानांचा झाला. जगभर जिचा लौकिक होता, ती कंपनी सरकारचीच होती. उलट, किंगफिशर २०१२ मध्ये आणि जेट एअरवेज २०१९ मध्ये बंद पडली, त्या दोन्ही खासगी होत्या.

विमान धंद्याची प्रकृतीच नाजूक आहे. बाजारातील उरलेली भाजी संध्याकाळी निम्म्या भावाने तरी खपते. उडालेल्या विमानातील रिकामी खुर्ची पुन्हा विकता येत नाही. इंधन आणि विमाने यांचे पैसे मात्र मोजावेच लागतात. अशा धंद्यात सरकारी कंपन्यांनी २००५-०६ च्या सुमारास मुख्यतः कर्जाच्या बळावर १११ विमाने घेण्याचे ठरविले आणि २००७ मध्ये इंडियन एअरलाइन्स व एअर इंडिया यांचे विलीनीकरण झाले. महालेखापरीक्षकांनी २०११ च्या अहवालात या खरेदीवर कठोर ताशेरे ओढले. निर्णय एकाने घ्यायचा, तोटा दुसऱ्याच्या वहीत मांडायचा आणि भरपाई तिसऱ्याने करायची, हा खरा रोग होता.

याच्या उलट एक उदाहरण नागपूर जिल्ह्यानेच पाहिले आहे. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून रात्री निघालेली विमाने नागपूरला सोनेगावच्या धावपट्टीवर एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. त्याच वर्षी साधी पत्रे जादा आकाराशिवाय विमानाने नेण्याची योजनाही अमलात आली. विमाने प्रारंभी खासगी कंपन्यांची आणि राष्ट्रीयीकरणानंतर इंडियन एअरलाइन्सची होती. काम मात्र टपाल खात्याचे होते आणि वाहतुकीचा मोबदला तेच खाते देत असे. उद्देश स्पष्ट होता आणि खर्च कोणाचा हेही स्पष्ट होते. म्हणूनच विमानात कधीही न बसलेल्या माणसाच्या पत्रालाही पंख मिळाले. ही सेवा सत्तरीच्या दशकात बंद पडली, तरी तिचा धडा जुना झालेला नाही.

समाजाला हवी असलेली सेवा फायद्याची नसेल, तर तिचा खर्च अंदाजपत्रकात उघडपणे दाखवून द्यावा. कंपनीच्या ताळेबंदात तो लपवू नये. २०१७ मध्ये पहिले उड्डाण झालेल्या ‘उडान’ योजनेत लहान शहरांच्या मार्गांना ठरावीक मुदतीचे साहाय्य मिळते. तत्त्व म्हणून ते योग्य आहे. परंतु मुदत संपल्यावर किती मार्ग टिकले, हेही त्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

एअर इंडियाच्या बाबतीत तर हिशेब अजून पुरा व्हायचा आहे. नरीमन पॉइंटची तिची प्रसिद्ध इमारत १,६०१ कोटींना घेण्यास महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये मान्यता दिली. केंद्राची मालमत्ता राज्याने घ्यायची आणि त्या पैशातून केंद्राचे कर्ज हलके करायचे, यात दोन्ही खिसे एकाच नागरिकाचे आहेत. उरलेल्या मालमत्तेतून किती रक्कम आली, किती कर्ज फिटले आणि व्याजापोटी किती गेले, याचे निवेदन दरवर्षी संसदेपुढे स्वतंत्रपणे मांडले जावे आणि ते सामान्य माणसाला समजेल अशा भाषेत असावे. विमान विकत घेताना पारशिवनीच्या नागरिकाला कोणी विचारले नव्हते. त्याचे देणे फेडताना तरी त्याला हिशेब मिळाला पाहिजे.