चटकचांदणी आणि आपली जागरूकता

शिरूरहून न्हावऱ्यामार्गें चौफुल्याकडे जाणारा रस्ता घ्या, दौंडच्या लोहमार्गाची कड घ्या, किंवा कालव्याच्या पाझराची पडीक जागा घ्या. एक वनस्पति सर्वत्र आढळते. पानें गाजरासारखीं म्हणून तिला गाजरगवत म्हणतात. कोणी काँग्रेस गवत, तर बारीक पांढऱ्या फुलांवरून कोणी चटकचांदणी म्हणतात. ही मूळची अमेरिका खंडांतील. आपल्या पुण्यांत १९५५ सालीं तिची नोंद झाली व पुढें ती देशभर पसरली.

तिचें बळ तिच्या घाईंत आहे. ओल मिळाली कीं ती बारा महिन्यांत केव्हांही उगवते, चार ते सहा आठवड्यांत फुलावर येते, आणि एकेक पोसलेलें झाड पंधरा ते पंचवीस हजार बिया सांडतें. त्या पाण्याबरोबर, गाडीच्या चाकाबरोबर व शेणखताबरोबर दूरवर जातात. गुरें तिला सहसा तोंड लावीत नाहींत. शेजारचीं रोपें तिच्या रसानें खुंटतात. माणसांस खाज सुटते आणि परागानें कित्येकांस दम्याचा त्रास होतो.

तिच्या निर्मूलनासाठीं दरवर्षीं ऑगस्टच्या मध्यास सप्ताह पाळतात. हेतु स्तुत्य आहे. परंतु आपला हा भाग अवर्षणाचा. पहिली ओल जूनमध्यें, तर मोठा पाऊस बहुधा सप्टेंबरांत. जूनचीं रोपें ऑगस्टपर्यंत बी सांडून मोकळीं होतात, व सप्टेंबरांत नवी पिढी उभी राहते. यास्तव तिथि न पाहतां रोप पाहावें, आणि प्रत्येक पावसानंतर, फूल येण्यापूर्वींच, ओल्या मातींतून तें मुळासकट उपटावें, असें माझें स्पष्ट मत आहे.

पालकांसही एक विनंति आहे. श्रमदानाच्या नांवाखालीं मुलांना फुललेल्या गवतांत उघड्या हातांनीं उतरवूं नये. तें काम मोठ्यांनीं हातमोजे घालून, नाकातोंडास फडकें बांधून करावें.

मेक्सिकोहून आणलेले भुंगेरे १९८४ सालीं बंगळूर येथें सोडण्यांत आले. ते हीं पानें खातात. परंतु कोरड्या दिवसांत ते मातींत निजून राहतात, आणि कालव्याकांठचें गवत मात्र वाढतच असतें. म्हणून उपटलेली जागा उघडी न ठेवतां तेथें टाकळ्याचें बी टाकावें. तो दाट वाढून या गवतास दाबतो.

आपल्या शेताचा बांध प्रत्येक जण राखतो. रस्त्याची कड मात्र कोणाचीच नसते, आणि बी तेथूनच शेतांत येतें. विद्यार्थ्यांनो, रोप ओळखावयास शिका, आणि तें दिसतांच घरीं व शाळेंत वेळींच सांगा. तुमची ही जागरूकता गांवाच्या फार उपयोगीं पडेल.