वाट मोकळी करणारा वीर

शौर्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे संगीन रोखून शत्रूवर तुटून पडणारा जवान उभा राहतो. आपले चित्रपट, आपली भाषणे आणि शाळेतली स्नेहसंमेलने याच चित्रावर पोसलेली आहेत. परंतु हाती बंदूक न घेता, जमिनीशी डोळे लावून इंचाइंचाने सुरुंग काढत जाणाऱ्या माणसाचे शौर्य कोणत्या मापाने मोजायचे? परमवीरचक्राचे मानकरी मेजर रामा राघोबा राणे यांचे चरित्र हा प्रश्न आपल्याला विचारते.

राणे यांचा जन्म १९१८ सालचा, कारवारजवळच्या चेंडिया गावचा. १९४० मध्ये ते बॉम्बे सॅपर्समध्ये साधे सैनिक म्हणून दाखल झाले. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढले आणि डिसेंबर १९४७ मध्ये सेकंड लेफ्टनंट झाले. अधिकारपदाचे चार महिने पुरे होण्याआधीच त्यांची कसोटी लागली.

८ एप्रिल १९४८ रोजी नौशेराहून राजौरीकडे आपली चढाई सुरू झाली. डोग्रा पलटणीने बरवालीचा डोंगर घेतला खरा, पण पुढचा रस्ता सुरुंगांनी भरलेला आणि झाडे पाडून अडवलेला. रणगाडे जागच्या जागी थांबले. राणे यांची तुकडी कामाला लागते न लागते तोच उखळी तोफांचा मारा सुरू झाला. दोघे ठार, पाच जखमी. त्या जखमींत स्वतः राणेही होते. तरीही ते मागे गेले नाहीत. उरलेल्या माणसांना गोळा करून त्यांनी काम पुढे चालू ठेवले. सुरुंग काढले, अडथळे उडवले आणि जिथे रस्ता साधेना तिथे बाजूने वळणवाट काढली. मशीनगनच्या माऱ्यात हे चार दिवस चालले. चिंगस गाठले गेले आणि १२ एप्रिलला सैन्य राजौरीत पोहोचले.

आवेशाच्या भरात माणूस एकदा मृत्यूवर धावून जाऊ शकतो. जखम अंगावर घेऊन दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी सकाळी त्याच मृत्यूपुढे पुन्हा गुडघे टेकून बसणे, तेही हात थरथरू न देता, याला निराळेच धैर्य लागते. रस्त्याची किंमत रस्ता नसलेल्यालाच ठाऊक असते. बोरिवलीहून खाडीपलीकडच्या गोराई गावात जायला आजही होडी गाठावी लागते, नाहीतर भाईंदर-उत्तनवरून भलामोठा वळसा घालावा लागतो. तिथल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. राजौरीत अडकलेल्या नागरिकांच्या बाबतीत तर रस्ता म्हणजे प्राणच होता.

परमवीरचक्र आजवर एकवीस जणांना मिळाले, त्यांतले चौदा मरणोत्तर. राणे उरलेल्या सातांपैकी. त्या एप्रिलनंतर ते शेचाळीस वर्षे जगले आणि १९९४ मध्ये पुण्यात वारले. हुतात्म्यापुढे आपण चटकन नतमस्तक होतो. ते योग्यच आहे. पण जगून परत आलेला वीर आपल्याला अडचणीचा वाटतो की काय, कोण जाणे! तो भाजीच्या पिशवीसह रस्त्यात भेटतो, रांगेत उभा राहतो आणि आपण त्याला ओळखत नाही.

राणे यांचे नाव एका तेलवाहू जहाजाला दिले गेले. कारवारला त्यांचा पुतळा झाला आणि २०२३ मध्ये अंदमानातल्या एका बेटालाही त्यांचे नाव मिळाले. नावे द्यावीत, जरूर द्यावीत. पण पार्ल्याच्या कॅप्टन गोरे उड्डाणपुलावरून रोज जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असते की हे विनायक गोरे १९९५ मध्ये काश्मीरमध्ये धारातीर्थी पडले? नावाच्या पाटीखाली चार ओळींत त्या माणसाचे काम लिहायला असा कितीसा खर्च येतो? ते काम लिहिले गेले नाही तर नाव केवळ पत्ता सांगण्यापुरते उरते. आणि ज्याने दुसऱ्यांसाठी वाट मोकळी केली, त्याला आपण एका बसथांब्याएवढेच ओळखू लागतो.